सीमापार सहकार्याने प्रदेशात काय बदलले? इंटररेगचा प्रभाव मोजायची पद्धत

युरोपियन संघात देशांच्या अंतर्गत सीमांना लागून असलेल्या प्रदेशांत सुमारे 15 कोटी लोक राहतात, म्हणजे संघाच्या लोकसंख्येचे जवळपास 30 टक्के. भूभाग धरला तर 40 टक्के. या लोकांची एक साधी अडचण असते: जवळचे मोठे शहर, दवाखाना, कॉलेज किंवा नोकरी अनेकदा सीमेपलीकडे असते, पण नियम, विमा, बसचे तिकीट आणि भाषा सीमेलगतच थांबतात. या अडचणी कमी करण्यासाठी 1990 पासून संघाची ‘इंटररेग’ ही निधी-योजना चालू आहे; तिच्यात वेगवेगळ्या सीमांसाठी वेगवेगळे कार्यक्रम असतात. शेजारच्या दोन-तीन देशांतील जिल्हे, नगरपालिका, विद्यापीठे, रुग्णालये आणि लहान उद्योग एकत्र येऊन प्रकल्प मांडतात आणि युरोपियन प्रादेशिक विकास निधी त्याचा मोठा वाटा उचलतो. 2021–27 च्या फेरीत हा वाटा जास्तीत जास्त 80 टक्के आहे. संपूर्ण इंटररेगसाठी 2018 च्या किमतींनुसार सुमारे 805 कोटी युरो ठेवले आहेत आणि त्यातले 72 टक्क्यांहून थोडे अधिक लगतच्या सीमांवरील सहकार्याला जातात.

इतका पैसा गेल्यावर प्रदेशात काय बदलले, हा प्रश्न येणारच. तो विचारायला सोपा आहे आणि उत्तर द्यायला भलताच अवघड. मूल्यमापनाचे बहुतेक अहवाल फसतात ते प्रश्न चुकीच्या मापाने मोजल्यामुळे.

आधी हिशेब करून बघा

एखाद्या सीमेवरचा इंटररेगचा कल्पनेतला एक कार्यक्रम घ्या. सात वर्षांसाठी 20 कोटी युरो, प्रदेशाची लोकसंख्या 40 लाख. माणशी 50 युरो झाले, म्हणजे वर्षाला सुमारे 7. दरडोई उत्पन्न वर्षाला 30,000 युरो धरले, तर कार्यक्रमाचा वाटा 0.024 टक्क्याच्या आसपास येतो. प्रादेशिक उत्पन्नाचे आकडे पुढच्या वर्षी सुधारून छापले जातात, तेव्हा होणारा फरकही साधारणपणे याहून मोठा असतो. तरीही कित्येक कार्यक्रमांच्या दस्तऐवजात ‘प्रदेशाची स्पर्धात्मकता वाढली का’, ‘बेरोजगारी घटली का’ असे प्रश्न प्रभावाच्या रकान्यात लिहिलेले असतात. एवढ्या पैशाचा ठसा एवढ्या मोठ्या आकड्यात दिसणे शक्यच नसते. बेरोजगारी घटली तर कार्यक्रम श्रेय लाटतो, वाढली तर जागतिक मंदीवर खापर फोडतो. दोन्ही दाव्यांना आधार सारखाच, म्हणजे शून्य.

याचा अर्थ प्रभाव नसतो असा नाही. सीमेवरचे अडथळे महाग पडतात. 2017 मध्ये युरोपियन आयोगाने एका अभ्यासाच्या आधारे म्हटले होते की कायदेशीर आणि प्रशासकीय अडथळ्यांपैकी फक्त 20 टक्के दूर झाले, तरी सीमाप्रदेशांचे उत्पन्न 2 टक्क्यांनी वाढेल. म्हणजे खरी कमाई अडथळा हटण्यात आहे, अनुदानाच्या रकमेत नाही. म्हणून मोजायची गोष्टही तीच: कोणता अडथळा, कोणासाठी, किती कमी झाला, आणि हा कार्यक्रम नसता तरी तो कमी झाला असता का.

आधी आणि नंतर एवढे पुरत नाही

जर्मनी-पोलंड सीमा पाहा. पोलंड 1 मे 2004 रोजी संघात आला. 21 डिसेंबर 2007 रोजी शेंगेन व्यवस्थेत येऊन जमिनीवरची तपासणी संपली. 1 मे 2011 पासून पोलिश कामगारांना जर्मनीत परवान्याशिवाय नोकरी करता येऊ लागली. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे सीमा पुन्हा बंद पडली. या सगळ्या काळात तिथे इंटररेगचे कार्यक्रम सलग चालू होते. 2006 आणि 2014 मधल्या सीमापार नोकरदारांच्या संख्येची वजाबाकी करून ‘ही वाढ कार्यक्रमामुळे’ असे लिहिले, तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडण्यातले झाले.

म्हणून ‘कार्यक्रम नसता तर काय झाले असते’ याचा अंदाज बांधावा लागतो. इतर धोरणांत यासाठी ज्यांना लाभ मिळाला नाही असा तुलनेचा गट घेतात. इथे ते अवघड जाते, कारण अंतर्गत सीमेवरचा जवळजवळ प्रत्येक जिल्हा कोणत्या ना कोणत्या कार्यक्रमात असतोच. सीमेपासून लांबचे जिल्हे तुलनेला घ्यावेत, तर त्यांचे प्रश्न मुळातच वेगळे.

तरी वाट अगदीच बंद नाही. कार्यक्रमातला एखादा प्रकल्प शेकडो लहान उद्योगांना सीमेपलीकडच्या संशोधन संस्थेसोबत काम करण्यासाठी छोटी मदत देत असेल, तर मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या उद्योगांची दोन-तीन वर्षांची उलाढाल, पलीकडचे ग्राहक, नवे करार यांची तुलना करता येते. दोन्ही गटांचे आधीचे आकडे हाती असतील, तर फरकातला फरक काढता येतो: मदत घेतलेल्यांची वाढ वजा न घेतलेल्यांची वाढ. पण संपूर्ण कार्यक्रमाला ही पद्धत लावायचा मोह टाळावा. शे-दीडशे प्रकल्प, त्यातही एक पूल, एक जत्रा, एक अग्निशमन करार आणि एक जंगल-संवर्धन अशी सरमिसळ. त्यातून निघणारी सरासरी कशाचीच नसते.

गुणांच्या उंबरठ्याचाही उपयोग होतो. अर्जांना शंभरपैकी गुण देतात आणि समजा 70 ला मंजुरी मिळते. 66 ते 69 मिळालेले अर्जदार आणि 70 ते 73 मिळालेले अर्जदार तयारीत फार वेगळे नसतात. तीन वर्षांनी दोन्ही गट कुठे आहेत हे पाहिले की बरेच कळते. यात खोट अशी की अनेकदा अंतिम यादी देखरेख समितीत, म्हणजे सहभागी देशांच्या प्रतिनिधींच्या समितीत, देशादेशांच्या समतोलावर ठरते. मग गुणांचा उंबरठा कागदावरच राहतो. ही पद्धत निवडण्यापूर्वी समितीची इतिवृत्ते वाचून हे तपासावे.

नाकारलेले अर्जदार हा एकूणच दुर्लक्षित खजिना आहे. त्यांनी तो प्रकल्प सोडून दिला, स्वतःच्या पैशाने लहान करून केला, की फक्त आपल्याच देशात केला? शेवटचे उत्तर सर्वात महत्त्वाचे, कारण सहकार्य या भागावर निधीचा किती परिणाम होतो ते त्यातूनच कळते. मंजुरी मिळालेल्यांना ‘निधी नसता तर?’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘काहीच झाले नसते’ असे येते. पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करायचा असतो, त्यामुळे दुसरे उत्तर कोण देणार?

एक रुग्णालय जवळून

पिरेनीज पर्वतात सर्दान्या नावाचे खोरे आहे. 1659 च्या तहाने त्याचे दोन भाग झाले, एक स्पेनकडे आणि एक फ्रान्सकडे. दोन्हीकडे मिळून सुमारे 30,000 कायम रहिवासी. फ्रान्सच्या बाजूच्या लोकांना मोठ्या रुग्णालयासाठी शंभरेक किलोमीटरवरच्या पर्पिन्यानला जावे लागे, तेही घाटातून आणि हिवाळ्यात बर्फातून. सप्टेंबर 2014 मध्ये स्पेनमधील पुइग्सर्दा गावात दोन्ही देशांचे मिळून एक रुग्णालय सुरू झाले. ते ‘ईजीटीसी’ या संयुक्त कायदेशीर संस्थेमार्फत चालते. अशा संस्थांची तरतूद संघाने 2006 च्या नियमाने केली. बांधकामात युरोपियन प्रादेशिक विकास निधीचा मोठा वाटा होता.

याचा प्रभाव कसा मोजायचा? ‘एक रुग्णालय उभे राहिले’ हे झाले उत्पादन. दरवर्षी किती रुग्ण आले आणि त्यातले किती फ्रान्समध्ये राहणारे, हा झाला परिणाम. प्रभाव त्याच्याही पुढे आहे: फ्रान्सच्या बाजूच्या गावातून तातडीच्या उपचारापर्यंत पोचायला लागणारा वेळ किती घटला, किती बाळंतपणे लांबच्या शहराऐवजी खोऱ्यात झाली, हृदयविकाराचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण सुधारले का.

आता ‘नसते तर’ची बाजू. पुइग्सर्दात आधीही एक जुने रुग्णालय होतेच. कातालोनिया या स्पेनमधील प्रांताच्या सरकारने ते कधी ना कधी नवे केले असते, हे गृहीत धरणे रास्त आहे. म्हणजे स्पेनच्या बाजूच्या रुग्णांना मिळालेल्या सोयीचा फक्त काही भाग सहकार्याच्या खात्यावर टाकता येईल. फ्रान्सच्या बाजूच्या रुग्णांना मिळालेली सोय मात्र बहुतांशी सहकार्यामुळेच आहे. एकूण रुग्णसंख्या अहवालात मोठ्या अक्षरात छापली की दिसायला छान दिसते, पण मूल्यमापनाला उपयोगाचा आकडा त्यातला हा लहान भाग आहे.

इमारतीइतकाच मोठा प्रभाव कागदपत्रांत सापडतो. फ्रेंच विमाधारकाचा खर्च कोण देणार? सीमेपलीकडे जन्मलेल्या फ्रेंच बाळाची नोंद कुठे? मृतदेह परत नेताना कोणता परवाना? रुग्णवाहिकेने सीमा ओलांडली तर जबाबदारी कोणाची? प्रत्येक प्रश्नासमोर तीन रकाने करावेत: रुग्णालयाआधी काय होते, आज काय आहे, आणि हा तोडगा फक्त या रुग्णालयापुरता आहे की नियम म्हणून इतरत्रही लागू झाला. 2021–27 साठी सगळ्या कार्यक्रमांना समान असलेल्या सामायिक निर्देशकांत ‘कमी झालेले किंवा सुटलेले कायदेशीर व प्रशासकीय अडथळे’ असा निर्देशक आहे. अंमलबजावणीत तो नीट भरला, तर बाकीच्या कित्येक निर्देशकांपेक्षा कामाचा ठरेल.

सरासरीत गाव हरवते

कार्यक्रमाचे क्षेत्र ‘नट्स 3’ या सांख्यिकी एककावर ठरते. त्याची लोकसंख्या साधारण दीड लाख ते आठ लाख अपेक्षित असते, पण आकार कसाही असतो. स्वीडनचे नॉरबोटन हे एकच एकक देशाच्या भूभागाचा चौथा हिस्सा व्यापत आले आहे. त्याच्या एका कोपऱ्यात फिनलंडच्या टोर्निओला अगदी खेटून हापारांडा गाव आहे. या जोडगावांत कितीही मोठा बदल झाला, तरी लुलेओ शहर आणि किरुनाच्या खाणींचा समावेश असलेल्या सरासरीत तो दिसणार नाही. सीमापार सहकार्याचा परिणाम बऱ्याचदा सीमेपासून थोड्याच किलोमीटरच्या पट्ट्यात राहतो. म्हणून नगरपालिका पातळीचे आकडे, नाहीतर एक किलोमीटरच्या चौकटीत उपलब्ध असलेली लोकसंख्या घ्यावी, आणि ‘अर्ध्या तासात किती लोक पोचतात’ अशा प्रवासवेळेच्या नकाशावर काम करावे.

नकाशाचीच आणखी एक फसगत आहे. प्रकल्पांची माहिती ‘कीप’ या खुल्या डेटाबेसमध्ये 2000 पासूनची मिळते. भागीदार संस्थांचे पत्ते घेऊन नकाशा रंगवणे सोपे असते, म्हणून सगळे तेच करतात. पण पत्ता मुख्यालयाचा असतो. विद्यापीठ मोठ्या शहरात असते, नदीची पूरसूचना यंत्रणा बसते साठ किलोमीटरवरच्या गावात. त्यामुळे पैसा शहरात साचला असे वाटते. प्रत्येक प्रकल्पाच्या अंतिम अहवालातून ‘काम प्रत्यक्ष कुठे झाले’ हे हाताने काढून दुसरा नकाशा करावा लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण दोन नकाशे शेजारी ठेवले की देखरेख समितीची चर्चाच बदलते.

आकड्यांची जुळणी हे वेगळेच दुखणे. सीमा ओलांडून कामाला जाणारे किती, हे एक देश सामाजिक विम्याच्या नोंदींवरून सांगतो, दुसरा घरोघरीच्या पाहणीवरून. पाहणीचा नमुना जिल्हा पातळीवर इतका लहान होतो की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी दोन्ही आकडे वेगवेगळे द्यावेत आणि बदलाची दिशा एकच आहे का एवढेच पाहावे. सरासरी काढू नये. लोकांना अडथळे किती जाणवतात याची आयोगाने 2015 आणि 2020 मध्ये सीमाप्रदेशांत पाहणी केली आहे. मूळ स्थिती म्हणून ती उपयोगी पडते. फक्त 2020 ची पाहणी कोविडच्या वर्षातली आहे हे विसरू नये.

आणि निव्वळ लाभ. सीमेच्या एका बाजूची दुकाने पलीकडे गेली, एका बाजूचे कुशल कामगार दुसऱ्या बाजूला गेले, तर एका देशाच्या तक्त्यात यश दिसते आणि संपूर्ण सीमाप्रदेशाच्या बेरजेत काहीच नाही. दोन्ही बाजूंची बेरीज केल्याशिवाय प्रादेशिक प्रभाव हा शब्दच वापरू नये.

सहकार्य टिकले का

सहकार्याचा मोठा भाग विटा-सिमेंटचा नसतो. दोन्हीकडची अग्निशमन दले एकमेकांच्या पाइपांना जोडता येईल असा सांधा ठरवतात, शाळा शेजारची भाषा शिकवू लागतात, पर्यावरण खाती नदीचे पाणी एकाच पद्धतीने तपासतात. अशा कामात ‘किती बैठका झाल्या, किती लोक आले’ यावर समाधान मानायची सवय पडली आहे. युरोपियन लेखापरीक्षकांनी 2021 च्या विशेष अहवालात नेमके यावरच बोट ठेवले: काही प्रकल्प सीमेपलीकडचा प्रश्न सोडवण्यापेक्षा भागीदारांनी एकत्र काम करण्यासाठीच होते, आणि निर्देशक प्रामुख्याने उत्पादनच मोजत होते.

सहकार्याची खोली पायऱ्यांनी पाहता येते. माहितीची देवाणघेवाण, एकत्र कार्यक्रम, एकत्र नियोजन, कायमचा करार, आणि शेवटी संयुक्त कर्मचारी व अंदाजपत्रक असलेली संस्था. प्रकल्पाआधी भागीदार कोणत्या पायरीवर होते आणि संपल्यावर कोणत्या, हे पाहावे. पुरावा मुलाखतीत मागू नये, कागदात मागावा. निधी संपल्यावरच्या वर्षात दोन्ही बाजूंच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष आहे का? संपर्क अधिकारी बदलल्यावर नव्या माणसाचे नाव यादीत चढले का? ‘प्रकल्प संपल्यावरही सहकार्य करणाऱ्या संस्था’ हा सामायिक निर्देशक भरतानाही हेच विचारावे. तीन प्रकल्पांत असलेली संस्था एकदाच मोजायची असते. ही दुबार मोजणी सर्रास होते आणि आकडा फुगतो.

मार्च 2020 मध्ये पूर्व फ्रान्समधील कोविड रुग्ण जर्मन रुग्णालयांत हलवले गेले. अशी संकटे मूल्यमापनकर्त्याला आयती परीक्षा देतात: आधीचे करार आणि ओळखी कामी आल्या, की सगळे राजधानीतून ठरले? पहिला फोन कोणी कोणाला केला याचा माग काढला की वीस पानी प्रश्नावलीपेक्षा जास्त कळते.

कामाचा क्रम आणि घड्याळ

प्रकल्पागणिक मूल्यमापन करत बसण्यापेक्षा आधी सगळे प्रकल्प अडथळ्यांनुसार सहा-सात गटांत लावावेत: वाहतूक, आरोग्य, नोकरी, पूर व आपत्ती, लहान उद्योग, लोकसंपर्क वगैरे. प्रत्येक गटासाठी साखळी लिहावी: पैसा कशावर, त्यातून काय तयार झाले, कोणी वापरले, वापरल्याने काय बदलले. साखळीच्या प्रत्येक दुव्यावर ‘हा तुटला तर का तुटेल’ हे लिहावे. बहुधा ‘कोणी वापरले’ हाच दुवा तुटलेला सापडतो: संकेतस्थळ तयार, वापरणारे नाहीत. मग बाहेरच्या कारणांची यादी, दोन्ही देशांतल्या जाणकारांशी त्यांच्या भाषेत बोलणे, आणि शेवटी ‘इतका वाटा संभवतो’ असा किमान-कमाल पल्ला. एकच नेमका आकडा देणाऱ्या अहवालाकडे संशयाने पाहावे. लक्झेंबर्गस्थित एस्पॉन या संशोधन कार्यक्रमानेही सीमापार सहकार्याच्या प्रादेशिक प्रभावासाठी अशीच, हस्तक्षेपाच्या तर्कापासून (म्हणजे वरच्यासारख्या साखळीपासून) सुरू होणारी पद्धत बांधली आहे.

घड्याळ मात्र कठोर आहे. 2021 च्या इंटररेग नियमानुसार कार्यक्रम मंजूर झाल्यावर वर्षभरात मूल्यमापनाची योजना देखरेख समितीपुढे ठेवावी लागते आणि प्रभाव-मूल्यमापन 30 जून 2029 पर्यंत पूर्ण व्हायला हवे. मूळ नियमांप्रमाणे त्याच फेरीचा खर्च 31 डिसेंबर 2029 पर्यंत करता येतो. म्हणजे शेवटचे प्रकल्प चालू असतानाच त्यांच्या प्रभावाचा अहवाल द्यायचा! यावर व्यवहार्य उपाय एकच: 2029 च्या अहवालात मागच्या, म्हणजे 2014–20 च्या फेरीतल्या त्याच प्रकारच्या प्रकल्पांचा पाठपुरावा करावा आणि चालू फेरीतल्या प्रकल्पांसाठी साखळीतले सुरुवातीचे दुवे तपासावेत. अहवालात हे दोन वेगळे भाग म्हणून लिहावेत. तसे न करता मूल्यमापन 2028 मध्ये नव्याने सुरू केले, तर ते वरातीमागून घोडे ठरते, कारण मूळ स्थितीचे आकडे तेव्हा गोळा करता येत नाहीत.

मूल्यमापन करणारे स्वतंत्र असावेत अशी अट आहे. निविदेत तीन गोष्टी ठसठशीत लिहून घ्याव्यात: पथकात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषा येणारी माणसे, प्रकल्पस्थळांच्या नकाशासाठी वेगळे दिवस, आणि नाकारलेल्या अर्जदारांशी संपर्क. तिसऱ्यासाठी तयारी अगदी आधी करावी लागते. अर्जाच्या नमुन्यातच ‘निर्णय काहीही झाला तरी मूल्यमापनासाठी आमच्याशी संपर्क साधण्यास संमती आहे’ अशी ओळ नसेल, तर माहिती-संरक्षणाच्या नियमांमुळे कार्यक्रमाच्या सचिवालयाला ते पत्ते मूल्यमापनकर्त्याच्या हाती सहज देता येत नाहीत.